फुटलेला फड पुन्हा उभा राहतो तेव्हा

लग्नसराईच्या दिवसांत संध्याकाळी छत्रपती संभाजीनगरात चिकलठाण्याच्या आसपास जालना रोडने निघालात, तर एखादा तरी परण्या वाटेत लागतोच. घोड्यावर नवरदेव, त्याच्यापुढे नाचणारी पोरे, आणि सगळ्यांच्या पुढे गाडीवर बांधलेले कर्णे, बॅटरी, कीबोर्ड, बाजूने ट्रम्पेट आणि ड्रमवाले. गाडीवर बँडचे नाव ठळक रंगात लिहिलेले असते. ते नाव वर्षानुवर्षे तेच राहते. त्या नावाखाली वाजवणारी माणसे मात्र हंगामागणिक बदलतात. मालक सुपारी घेतो, लागतील तेवढे वादक गोळा करतो. गाणी सिनेमातली, सगळ्यांना पाठ असलेली. त्यामुळे कालचा ट्रम्पेटवाला दुसऱ्या पार्टीत गेला म्हणून आजचा परण्या अडत नाही. मराठीत ‘बँड’ हा शब्द प्रामुख्याने याच अर्थाने रुजला. म्हणूनच एखादा रॉक बँड फुटला किंवा तेरा वर्षांनी पुन्हा एकत्र आला, ही बातमी का व्हावी, हे आपल्याकडे चटकन उमगत नाही. एक वादक गेला तर दुसरा आणावा, त्यात एवढे काय? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे, कारण आपल्याच मुंबईत असा एक बँड झाला, जो घडला, गाजला, मोडला आणि पुन्हा उभा राहिला. १९८४ मध्ये ‘रॉक मशीन’ नावाने सुरू झालेला आणि पुढे ‘इंडस क्रीड’ या नावाने ओळखला गेलेला हा बँड. त्याची गोष्ट नीट समजायला नेदरलँड्समधल्या ‘कायाक’ या सिंफनिक रॉक बँडची गोष्ट शेजारी ठेवली तर फार मदत होते. दोन्हींच्या वाटा वेगळ्या होत्या, पण दोन्हींना शेवटी एकाच परीक्षेला बसावे लागले.

आपल्या संगीतात माणसे एकत्र येण्याच्या ज्या रीती आहेत, त्या आधी पाहू. ख्यालगायनात कर्ता एकच असतो, तो म्हणजे गायक. तबलजी, पेटीवाला, तानपुऱ्यावरचे शिष्य हे साथीला असतात. साथ बदलली तरी मैफल त्या गायकाचीच राहते. गायक गेला तरी शिष्यांच्या गळ्यात घराणे उरते. तमाशाचा फड हा खऱ्या अर्थाने समूह असतो, पण तोही बहुधा एका नायकाच्या किंवा नायिकेच्या नावाने चालतो आणि वग, गण, गवळण यांचा साचा परंपरेने दिलेला असतो. रॉक बँड यांतल्या कशातच बसत नाही. तिथे समूह हाच लेखक असतो. गिटारवाला एक छोटी स्वरावली पुन्हा पुन्हा वाजवत बसतो. त्याला ते लोक ‘रिफ’ म्हणतात. बेसवाला तिच्याखाली असा एखादा स्वर धरतो की त्या स्वरावलीचा रंगच बदलून जातो. ड्रमवाला सम कुठे आहे हे ठरवतो आणि कधी मुद्दाम ती लपवतो. कीबोर्डवाला रिकाम्या जागा भरतो, किंवा शहाणा असेल तर रिकाम्याच ठेवतो. शब्द आणि चाल यावर कोणीतरी गातो. अशा तासन्‌तासांच्या तालमीतून जे गाणे तयार होते, ते कोणी एकट्याने घरी बसून लिहिलेले नसते. म्हणून त्यातला एक माणूस गेला की केवळ वादक जात नाही, त्या सामायिक लेखणीचा एक भाग जातो. आणि सगळे पांगले, तर ते गाणे पुढे चालवणारे घराणे मागे उरत नाही. ध्वनिमुद्रिका उरते. माझे म्हणणे एवढेच आहे की बँडचे पुनर्मीलन मोजायचे ते याच मापाने. जुनी माणसे मंचावर शेजारी उभी राहिली का, हा दुय्यम प्रश्न. त्या सामायिक लेखणीला पुन्हा शाई फुटली का, हा खरा.

सिंफनिक रॉक हा या सामूहिक लेखनाचा सर्वात महत्त्वाकांक्षी प्रकार. १९६० च्या दशकाच्या अखेरीस युरोपातल्या काही तरुण वादकांना तीन मिनिटांचे गाणे अपुरे वाटू लागले. पाश्चात्त्य अभिजात संगीतातली सिंफनी वेगवेगळ्या गतींच्या भागांत उलगडत जाते, एकच स्वरकल्पना रूपे बदलत परत परत येते. हे सारे विजेच्या गिटारवर आणि ड्रमवर का होऊ नये, असा त्यांचा प्रश्न होता. ख्याल विलंबितापासून द्रुतापर्यंत कसा चढत जातो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या लांबीचे भय वाटू नये. नेदरलँड्समध्ये हा प्रकार विशेष फुलला. ‘एक्सेप्शन’ या बँडने १९६९ मध्ये बेथोवनच्या पाचव्या सिंफनीवर आधारलेले ‘द फिफ्थ’ काढले आणि ते तिथे तुफान चालले. त्या बँडचा एक आधारस्तंभ होता रेन व्हान डेन ब्रूक, आणि त्याचे वाद्य होते ट्रम्पेट, आपल्या परण्यात वाजते तेच. पण पूर्ण वाद्यवृंद पदरी बाळगणे पाच-सहा जणांच्या बँडला परवडणारे नव्हते. त्यावर उपाय म्हणून मेलोट्रॉन नावाचे एक अजब वाद्य वापरात आले. दिसायला ते पेटीच्या मोठ्या भावासारखे. त्याच्या प्रत्येक पट्टीखाली ध्वनिफितीचा एक तुकडा असतो आणि त्यावर व्हायोलिनचा, बासरीचा किंवा गायकवृंदाचा तो एकच स्वर मुद्रित केलेला असतो. पट्टी दाबली की फीत सरकते आणि स्वर ऐकू येतो. साधारण आठ सेकंदांत फीत संपते, स्वर तुटतो, आणि पट्टी सोडल्यावर स्प्रिंगच्या ओढीने फीत मागे जाते. म्हणजे वादकाला आठ सेकंदांच्या आत दुसऱ्या स्वरावर जावेच लागते. त्या काळच्या कितीतरी रचनांची संथ, लाटेसारखी चाल या यंत्राच्या मर्यादेतून आलेली आहे. फीत थोडी थरथरते, त्यामुळे ते व्हायोलिन धुक्यातून आल्यासारखे वाटते. मर्यादेचेच सौंदर्य झाले, याचे इतके नेमके उदाहरण क्वचित सापडते.

‘कायाक’ हा बँड १९७२ मध्ये हिल्व्हरसुम या गावी उभा राहिला. हिल्व्हरसुम म्हणजे डच नभोवाणी आणि दूरचित्रवाणीचे केंद्र. कीबोर्ड वाजवणारा टोन शेर्पेनझील आणि ड्रम वाजवणारा पिम कोपमन हे त्याचे दोन संस्थापक, दोघेही रचनाकार. १९७३ मध्ये पहिला अल्बम आला. मेलोट्रॉनच्या लाटा, मधुर चाली, अनेक कंठांचे एकत्र गायन ही त्यांची ओळख. त्यांचे सर्वात गाजलेले गाणे ‘रूथलेस क्वीन’ १९७९ मध्ये घरोघर पोचले. गंमत म्हणजे या बँडला स्वतःच्या यशानेच थोडे गोंधळात टाकले: लांब रचना ऐकणारे म्हणत की तुम्ही सोपे झालात, सोपे ऐकणारे म्हणत की तुम्ही अजून अवघडच आहात. १९८१ मध्ये त्यांनी मर्लिन या दंतकथेतल्या जादूगारावर एक मोठी, सलग रचना असलेला अल्बम काढला आणि १९८२ मध्ये बँड विसर्जित झाला. पुढची सतरा वर्षे शांतता. १९९९ मध्ये शेर्पेनझील आणि कोपमन पुन्हा एकत्र आले आणि २००० मध्ये ‘क्लोज टू द फायर’ हा नवा अल्बम आला. इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्यांनी जुन्या गाण्यांचे संग्रह काढून दौरे करत बसणे सहज शक्य होते. लोकांनी तिकिटेही काढली असती. त्याऐवजी त्यांनी नवे लिहिले. २००३ मध्ये ते त्या मर्लिनकडेही परत गेले, पण १९८१ ची गाणी जशीच्या तशी वाजवण्याऐवजी तो विषय वाढवून त्याची नवी, विस्तृत रचना बांधली. एखाद्या नाटककाराने वीस वर्षांनी आपली जुनी एकांकिका तीन अंकी करावी, तसे हे काम होते. जुन्याशी नाते ठेवूनही पुढे जाता येते, याचा तो पुरावा आहे.

आता मुंबई. १९८४ मध्ये रॉक मशीन सुरू झाला तेव्हा या देशात रॉक वाजवणे म्हणजे मुख्यतः परदेशी गाणी हुबेहूब वाजवणे, असाच समज होता. परदेशी गिटार किंवा ॲम्प्लिफायर आणायचा तर भारी आयातशुल्क; दूरचित्रवाणी म्हणजे फक्त दूरदर्शन; महाविद्यालयीन महोत्सव हाच काय तो मंच. श्रोत्यांची मागणीही तीच: ओळखीचे वाजवा. या बाबतीत मुंबईचा रॉक श्रोता आणि आपल्या परण्यातला नाचणारा यांच्यात काडीचाही फरक नव्हता. महेश तिनईकर आणि जयेश गांधी यांच्या गिटारी, मार्क सेल्विनचा बेस, मार्क मेनेझिसचे ड्रम, झुबिन बालापोरिया यांचा कीबोर्ड आणि उदय बेनेगल यांचे गायन, अशी जी मंडळी या बँडमध्ये स्थिरावली, त्यांनी हळूहळू स्वतःची गाणी वाजवायचा हट्ट धरला. १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा स्वतःच्या गाण्यांचा अल्बम आला, १९९० मध्ये ‘द सेकंड कमिंग’. भारतीय रॉकच्या इतिहासात हे वळण मोठे आहे. पहिल्या अल्बमवर अमेरिकी हार्ड रॉकची छाया दाट आहे, हे मान्यच केले पाहिजे. केशरचनेपासून गिटारच्या वळणांपर्यंत ती दिसते. पण दुसऱ्याचे गाणे वाजवणे आणि दुसऱ्याच्या शैलीत का होईना स्वतःचे गाणे लिहिणे, यांतले अंतर फार मोठे असते. त्या अंतरातच बँड ‘पार्टी’ राहत नाही, लेखक होतो.

या काळाचे एक घरही होते. मुंबईत धोबी तलावापाशी, सेंट झेवियर्स महाविद्यालयाला लागून असलेले रंगभवन हे खुले नाट्यगृह. १९८६ पासून भरू लागलेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव वर्षानुवर्षे तिथे गाजला आणि देशभरातल्या बँडसाठी रंगभवनाचा मंच ही पंढरी झाली. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या आणि चित्र एकाएकी बदलले. एमटीव्हीची आशियाई वाहिनी स्टारच्या छत्रीतून घराघरांत उतरली, छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरांतल्या केबलवाल्यांच्या तारांतूनही उतरली. तिला भारतीय बँड दाखवायचा होता आणि दाखवण्याजोगे स्वतःचे गाणे असलेले बँड मोजकेच होते. १९९३ मध्ये रॉक मशीनच्या ‘प्रिटी चाइल्ड’ या गाण्याच्या चित्रफितीला एमटीव्हीचा आशियाई प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी बँडने नाव बदलले. ‘रॉक मशीन’ हे नाव कुठल्याही देशातल्या कुठल्याही बँडचे असू शकले असते. ‘इंडस क्रीड’मध्ये सिंधू आली. नाव बदलणे हे केवळ पाटी बदलणे नव्हते, हे १९९५ च्या ‘इंडस क्रीड’ या अल्बमवरून कळते. त्यात आपण कुठले आहोत, हा प्रश्न आवाजातच विचारलेला आहे.

पण नेमके याच सुमारास बाजार उलट्या दिशेने वळला. १९९४ मध्ये एमटीव्ही स्टारपासून वेगळी झाली, तिच्या जागी चॅनल व्ही आले. १९९६ मध्ये एमटीव्ही भारतीय रूपात परतली आणि पडदा हळूहळू हिंदी पॉप आणि सिनेगीतांनी भरत गेला. इंग्रजीत स्वतःचे लिहिणाऱ्या बँडला आणखी एक अल्बम काढण्यासाठी लागणारा पैसा, मंच आणि उत्साह यांपैकी एकही पुरेसा उरला नाही. १९९७ मध्ये इंडस क्रीड थांबला. बेनेगल आणि गांधी पुढे न्यूयॉर्कला गेले आणि त्यांनी ‘आम्स फॉर शांती’ नावाने वेगळे काम केले. बाकीचे आपापल्या वाटांनी गेले. जे झाले त्यात खलनायक शोधण्याची गरज नाही. एका बँडने तेरा वर्षे टिकून राहणे हीच मुळात दुर्मीळ गोष्ट आहे. ते थांबणे स्वाभाविक म्हणावे लागेल.

२०१० मध्ये इंडस क्रीड पुन्हा मंचावर आला. बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया हे तिघे जुने. बेसवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय राव कवी हे दोघे नवे आणि वयाने लहान. पहिल्या कार्यक्रमांना गर्दी झाली, जुनी गाणी वाजली, चाळिशीतल्या लोकांनी विशीतल्यासारखे ओरडून घेतले. हे सगळे चांगलेच होते, पण बँड तिथेच राहिला असता तर मी हा लेख लिहिला नसता. २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम आला, १९९५ नंतर तब्बल सतरा वर्षांनी. त्याचे अंतिम मिश्रण टिम पामर या नामांकित ध्वनितज्ज्ञाने केले. पर्ल जॅम या अमेरिकी रॉक बँडच्या पहिल्या अल्बमचे मिश्रणही त्याचेच. पण मला महत्त्वाचे वाटते ते त्या गाण्यांचे अंग. १९८८ च्या अल्बममध्ये गाणे सुरू होते आणि आपल्याला कुठे नेणार हे लगेच कळते. इथली गाणी ऐसपैस आहेत, मध्येच वळतात, थांबतात, हलकी होतात, पुन्हा दाटतात. ‘फायरफ्लाइज’ या गाण्यात पूर्वीच्या बेनेगलांसारखे ठासून सांगणे नाही. आवाज मागे सरून वाद्यांना जागा करून देतो. बालापोरियांचा कीबोर्ड सजावटीपुरता न राहता रचनेचा कणा होतो. हा बँड पहिल्यांदाच सिंफनिक रॉकच्या मुलखाच्या सीमेवर येऊन उभा राहिलेला दिसतो. तरुण बेस आणि ड्रमच्या जोडीने जुन्या तिघांना त्यांच्या सवयीच्या लयीत बसू दिले नाही, हे कानाला स्पष्ट जाणवते. सामायिक लेखणी नव्या माणसांसह पुन्हा चालू लागली, आणि तिने पूर्वी न लिहिलेले काही लिहिले.

यावर पहिला आक्षेप असा की पुनर्मीलने ही आठवणींची विक्री असते. प्रेक्षक आपले तारुण्य विकत घ्यायला येतो आणि बँड ते विकतो. जगभरच्या कितीतरी पुनर्मीलनांना हे लागू आहे, आणि त्यात पाप काहीच नाही. आपल्या रंगभूमीवरचे सर्वात थोर उदाहरण घ्या. १९१३ मध्ये बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी निघाली. दुसरीकडे केशवराव भोसले यांची ललितकलादर्श जोरात होती. ८ जुलै १९२१ रोजी या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांच्या दोन नायकांनी टिळक स्वराज्य फंडासाठी एकत्र येऊन मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ केले. बालगंधर्वांची भामिनी आणि केशवरावांचा धैर्यधर. शंभर वर्षे उलटली तरी त्या रात्रीचे नाव निघते. तीन महिन्यांतच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवराव गेले. त्या प्रयोगाचे मोल कोणीही कमी करू नये. पण नाटक आधीचे होते, पदे आधीची होती. तो दोन पूर्ण घडलेल्या कलावंतांचा संगम होता, नवी निर्मिती त्याचा हेतूच नव्हता. एका रात्रीचा उत्सव आणि पुन्हा सुरू झालेले लेखन, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांना दोन वेगळी नावे असायला हवीत. इंडस क्रीडला पैसा कमवायचा असता तर २०१० च्या जुन्या गाण्यांवर त्यांचे भागले असते. दोन वर्षे खपून नवा अल्बम काढणे, तोही इंग्रजी रॉकचा, भारतात, ध्वनितबकड्यांचा बाजार कोसळत असताना, हा आठवणींच्या धंद्याचा हिशेब नव्हे.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. पाचांतले दोन नवे असतील तर हा तोच बँड कसा? कायाकच्या बाबतीत हा प्रश्न आणखी टोकाला गेला. २००९ च्या नोव्हेंबरात पिम कोपमन वारला. त्यानंतरही माणसे येत-जात राहिली आणि २०१८ मध्ये त्यांचा सतरावा अल्बम ‘सेव्हन्टीन’ आला तेव्हा संस्थापकांपैकी एकटा शेर्पेनझील उरला होता. मग हे परण्याच्या बँडसारखेच झाले ना, नाव जुने आणि माणसे नवी? मला तसे वाटत नाही. परण्याच्या बँडमध्ये नाव टिकते ते मालकाच्या व्यवहारात. गाणे बाहेरून येते. कायाकमध्ये नाव टिकले ते रचना करणाऱ्या हातात. तरीही हे कबूल केले पाहिजे की समूह-लेखकातला एकच लेखक उरतो, तेव्हा बँड हळूहळू त्या एकट्याचा होत जातो, आणि ऐकताना फरक कळतो. कोपमनच्या असण्याने कायाकच्या गाण्यांत जो हलकेपणा होता, तो नंतर विरळ झाला. म्हणजे माणसांची मोजणी निरर्थक नाही, पण ती पुरेशीही नाही. इंडस क्रीडच्या बाबतीत मात्र कौल स्पष्ट आहे. तिघे जुने लेखक होते आणि नव्या दोघांना केवळ साथीला बसवले नव्हते, हे ‘इव्हॉल्व्ह’ची लयच सांगते. जयेश गांधींची दुसरी गिटार तिथे नाही याची रुखरुख राहते, ती लपवायचे कारण नाही.

तिसरा आक्षेप मराठी वाचकाकडून येणार हे उघड आहे: हे सगळे इंग्रजीतले, परके संगीत, त्याचा आमच्याशी काय संबंध? भाषेचा मुद्दा खरा आहे. इंडस क्रीडने मराठीत लिहिले नाही. पण परके कशाला म्हणायचे, याबाबत आपला स्वतःचा इतिहास आपल्याला सावध करतो. ज्या पेटीशिवाय नाट्यसंगीताची कल्पनाही करवत नाही, ती युरोपातून आली. १९४० पासून तीन दशके आकाशवाणीने तिला परकी ठरवून दाराबाहेर ठेवले होते. गोव्यातल्या माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये मुंबईत मोठा वाद्यवृंद उभा करून रागांवर आधारलेल्या सिंफनीचा प्रयोग केला, लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले, आणि हे झाले ते सेंट झेवियर्सच्या आवारात, जिथे शेजारीच पुढे रंगभवनात गिटारी वाजल्या. रॉक तर मराठी घरांतूनही आले. रंगकर्मी आत्माराम आणि आशा भेंडे यांचे चिरंजीव नंदू भेंडे सत्तरच्या दशकात मुंबईचे आघाडीचे रॉक गायक होते. १९७४ मध्ये अलेक पदमसी यांच्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’मध्ये त्यांनी जुडास गाजवला, आणि १९७८ मध्ये पु. ल. देशपांडे यांनी ब्रेख्तवरून रूपांतरित केलेल्या ‘तीन पैशाचा तमाशा’मध्ये, डॉ. जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली, तोच रॉकचा गळा मराठीत आणला. नंदू भेंडे २०१४ मध्ये गेले. रॉक मराठीत रुजू शकते हे त्यांनी दाखवून दिले होते. पुढे ते फारसे रुजले नाही, हा आपल्या नियतकालिकांचा, शाळांचा आणि निर्मात्यांचा दोष आहे, त्या संगीताचा नव्हे.

राहता राहिला श्रोत्यांचा आकडा. इंडस क्रीड ऐकणारे तमाशा ऐकणाऱ्यांच्या पासंगालाही पुरणार नाहीत, हे खरेच. पण नोंद ठेवायची की नाही हे गर्दीवर ठरवायचे असेल तर आपल्या अर्ध्या अभिजात संगीताची नोंदही पुसावी लागेल. नेदरलँड्स हा महाराष्ट्रापेक्षा कितीतरी लहान देश. तिथे कायाकच्या प्रत्येक फेरबदलाची, प्रत्येक अल्बमची तपशीलवार माहिती नव्या श्रोत्याला मिळते. आपल्याकडे रंगभवनाचा मंच ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनंतर मुका झाला. आजूबाजूला रुग्णालये, न्यायालय, महाविद्यालय असल्याने तो शांतता क्षेत्रात गेला. रुग्णांची बाजूही खरीच आहे. पण मुंबईने त्या तोडीचे दुसरे खुले घर उभारले नाही, आणि त्या मंचावर काय काय घडले याचा मराठीतला इतिहासही कोणी लिहून काढला नाही. संगीताचे मराठी कोश, दिवाळी अंक, विद्यापीठांचे अभ्यासक्रम या कशातही या साऱ्याला मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही. ती आता दिली गेली पाहिजे, आणि या बँडमधली माणसे सांगायला आहेत तोवर दिली गेली पाहिजे.

वाचकांना एकच विनंती आहे. एखाद्या निवांत संध्याकाळी ‘रॉक अँड रोल रेनेगेड’मधले एक गाणे ऐका आणि लगेच त्यापाठोपाठ ‘फायरफ्लाइज’ लावा. शब्द कळले नाहीत तरी अडत नाही. पहिल्या ऐकण्यात फक्त ड्रमकडे कान द्या, दुसऱ्यात कीबोर्डकडे, तिसऱ्यात महेश तिनईकरांच्या गिटारकडे. मधल्या चोवीस वर्षांत त्या गिटारने काय टाकून दिले आहे, ते ऐका.